अधिक एकचं भांडण

भाऊ,

तुझ्या तेराव्याला आलेल्या लोकांनी तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलून ठेवलंय की हा कोण गृहस्थ, असं मला मध्येच वाटून गेलं. शांत स्वभावाचा. कधी आवाज चढवला नाही. कोणाशी वाद घातला नाही. मी वहिनीकडे बघितलं, वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडतेय. कारखान्यातले तुझे साहेब म्हणाले, पाटलांना वाचनाची फार आवड होती. आता काय सांगू त्यांना, की त्यांच्या ड्रॉइंग ऑफिसातला हा शांत माणूस रविवारी पलंगावर मांडी घालून डुकरतोंड्या राक्षसांच्या आवाजात गुरगुरायचा, आणि एका तलवारीवरून सख्ख्या बहिणीशी वर्षानुवर्षं भांडत होता.

ते भांडण अर्धवट राहिलंय, म्हणून लिहायला बसले. तुझं शिक्षण, नोकरी, घर कसं बांधलंस, मायला कसं सांभाळलंस, हे सगळं लोकांनी बोलून झालंय. मी पुन्हा सांगत बसत नाही. मला तलवारीबद्दल बोलायचंय.

तुमच्या पाइपच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला तो परदेशी इंजिनियर आला होता, आठवतो ना? उंच, लाल नाकाचा, जळगावच्या उन्हात भाजून निघालेला. लॉजवर त्याचा जीव रमेना, म्हणून तू त्याला घरी जेवायला आणायचास. वहिनी तेव्हा नवी नवरी. तिने बिचकत बिचकत शेवेची भाजी वाढली, त्याने डोळे पुसत पुसत अजून मागितली. जेवण झालं की तो पिशवीतून एक खोका काढायचा आणि तुला तो खेळ शिकवायचा. मशीन सुरू झालं, तो गेला आणि जाताना खोका तुला देऊन गेला. आत दोन इंग्रजी पुस्तकं आणि चित्रविचित्र आकाराचे फासे. मुख्य फासा मात्र, वीस बाजूंचा, त्याचा लकी होता म्हणे. तो तेवढा खिशात घालून घेऊन गेला.

मी सुट्टीत धुळ्याहून आले तेव्हा तू मला पलंगावर बसवून खेळ समजावलास. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. 'तुझ्यासमोर भुयार आहे, शोभे. भुयारात दार आहे. दारामागे कोणीतरी गुरगुरतंय. बोल, काय करतेस?' मी म्हणाले, लाथ मारते. तू इतका खूश झालास की विचारू नको. मग वार लागला का हुकला हे नशिबावर. एक ते वीसमधला आकडा काढायचा. राक्षसाचं चिलखत जेवढं जाड, तेवढा मोठा आकडा यायला हवा.

माय पलीकडे तांदूळ निवडत होती. तिने बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाई काय खेळ शे? पट नही, सोंगट्या नही. नुसतं बोलतस, खेळतस कव्हय?"

फासा नव्हता तर तू पुठ्ठ्याचा बनवलास. ड्राफ्ट्समनच तू, वीस त्रिकोण आखलेस, कापलेस, खळीने चिकटवलेस. दिसायला इतका देखणा की शोकेसमध्ये ठेवावा. आणि कसाही टाका, सातच पडायचे. मी हसून हसून लोळले, तू दिवसभर गाल फुगवून बसलास. शेवटी वहिनी उठली आणि माहेराहून आणलेला हौजीचा डबा घेऊन आली. एक ते वीस आकड्यांच्या लाकडी चकत्या वेगळ्या काढल्या, आपल्या बटव्यात टाकल्या आणि बटवा तुझ्यापुढे धरला. "काढा ना ह्यातून. आकडाच पाहिजे ना?"

तिथून आपला खेळ सुरू झाला आणि तिथेच आपली ती चूक झाली. हौजीत एकदा निघालेली चकती कोणी परत टाकतं का? नाही ना. मग आपणही नाही टाकली. निघालेल्या चकत्या पलंगाच्या कडेला मांडून ठेवायच्या, वीसच्या वीस निघाल्या की बटवा पुन्हा भरायचा. ह्यात काही वावगं आहे, असं आपल्यापैकी कोणाच्या मनात यायचं कारण नव्हतं.

तर तलवार. पहिलं भुयार संपलं, तेव्हा शेवटच्या खोलीत तू दोन वस्तू ठेवल्या होत्यास. एक आग ओकणारी काठी आणि एक तलवार. मी विचारलं, तलवारीत काय विशेष? तू असा थाटात म्हणालास, "अधिक एक."

"अधिक एक म्हणजे?"

"म्हणजे चकतीवर जो आकडा येईल त्यात एक मिळवायचा."

"एकच?"

तिथून जे सुरू झालं ते संपलं नाही. मी म्हणाले, चौदा लागत असतील तर ह्या तलवारीने फक्त तेराची चकती कामी येणार. बाकी एकोणीस चकत्यांना काही फरक पडत नाही. चार निघाला, पाच झाला, तरी हुकलाच. अठरा निघाला, एकोणीस झाला, तो तसाही लागणारच होता. मग कशाला बाळगायची?

"त्या विसाव्या वेळेसाठी."

"आणि एकोणीस वेळा नुसतं ओझं वाहायचं?"

"तू मास्तरीण ना गं? एका मार्काने नापास झालेली मुलगी तुला माहीत नाही?"

"खूप माहीत आहेत. अभ्यास करायला हवा होता त्यांनी."

मी काठी घेतली. पुढच्याच भुयारात गुरगुर ऐकू आली म्हणून काठीतली सगळी आग एका दारावर ओतली. दार जळालं, आत धान्याचं कोठार आणि एक म्हातारं मांजर. तू मांजराचा आवाज काढून दाखवलास, तो मी तुला अजून माफ केलेला नाही. वहिनी म्हणाली, "ती तलवार मला द्या. नाही काही तर भाजी चिरायला होईल." आणि तिने ती जी घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. माझ्या हातात नाना तऱ्हेची शस्त्रं येऊन गेली, वीज पाडणारी, भूकंप करणारी. राक्षस मात्र वहिनीच्या हातून जास्त मेले. प्रल्हाद दर दिवाळीला मला ह्याची आठवण करून द्यायचा.

प्रल्हाद ऑफिसातला, तुझ्या शेजारच्या टेबलावरचा. तो आला आणि आपण चार झालो. त्याला तू पुजारी केलंस. "आमच्या घरी पूजाअर्चा कोणी करत नाही, आणि तुम्ही मला पुजारी करता," म्हणून तो पोट धरून हसायचा, पण काम चोख. लढाई सुरू झाली की हात वर करून आशीर्वाद द्यायचा. आशीर्वादाने काय मिळायचं? सगळ्यांना अधिक एक. तुझ्या त्या खेळात जिकडेतिकडे एकच. उंचवट्यावर उभी आहेस, एक घे. ऊन शत्रूच्या डोळ्यात आहे, एक घे. शेजारी आपलं माणूस उभं आहे, एक घे. हे शेवटचं पुस्तकात नव्हतं, तू पदरचं घातलं होतंस. मी म्हणायचे, किती चिंगूस आहेस रे, दे की एकदम पाच. तू म्हणायचास, पाच दिल्यावर मजा राहत नाही, लढायला कोणी येणार नाही.

मग एका रविवारी प्रल्हादचा मेहुणा आला. मुंबईच्या कॉलेजात असताना हॉस्टेलवर त्याने हा खेळ खेळलेला. तो थोडा वेळ बघत बसला आणि मग अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, आकडा काढल्यावर चकती परत टाकायला पाहिजे ना? फासा कसा, प्रत्येक वेळी नवा पडतो." तुझा चेहरा काय झाला होता. इतकी वर्षं वरणात मीठ म्हणून साखर घालतोय, असं कोणी सांगितल्यासारखा.

मी सोडते का? मेहुणा जिना उतरेपर्यंतही थांबले नाही. म्हटलं, बघ, म्हणून तुझा एक इतका भारी वाटत होता. आपल्या बटव्यात तेराची चकती कधी ना कधी निघायलाच हवी, म्हणजे तुझा एक कामी येणारच. आपल्याकडे तुझा एक म्हणजे पगार. पण खऱ्या खेळात चकती परत जाते, तेरा दिवसभर निघालाच नाही तर काय करशील? तिथे तुझा एक म्हणजे लॉटरी. आठवडाभर तू पुस्तक चाळत होतास, असं वहिनीने नंतर सांगितलं. पुढच्या रविवारी आम्ही बसलो तेव्हा तू जाहीर केलंस, "चकती परत टाकायची नाही. जळगावात असंच."

"आणि खरं काय?"

"खरं त्यांच्याकडे."

ह्यावर काय बोलणार माणूस? पण बोलले मी. बरंच बोलले.

भाऊ, आता पुढचं लिहायला नको वाटतंय. पण वगळून चालणार नाही.

गेल्या पावसाळ्यात तुझं पोट दुखायला लागलं, ते तू पित्त म्हणून अंगावर काढलंस. मग तपासण्या, मग ऑपरेशन, मग थोडे बरे दिवस. वाटलं सुटलो. हिवाळा सरता सरता ते परत आलं. डॉक्टरांनी आपल्याला तिघांना समोर बसवलं. म्हणाले, इथे करण्यासारखं आता फार नाही, पण मुंबईला एक नवा उपचार आहे. सलाइनमधून औषध देतात, महिनोन्‌महिने चालतं, त्रास खूप होतो. थोडा फरक पडू शकतो.

तू विचारलंस, "थोडा म्हणजे किती?"

डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, काही जणांना पडतो, आणि ज्यांना पडतो त्यांनाही थोडाच.

तू मान डोलावलीस. बाहेर येऊन चपला शोधता शोधता माझ्या कानाशी म्हणालास, "अधिक एक." आणि आपण दोघं हसलो. खदखदून हसलो, भाऊ. बाकावर बसलेल्या बाया आपल्याकडे बघायला लागल्या. वहिनी हसली नाही. ती रिक्षा बघायला पुढे गेली.

रिक्षात बसल्याबरोबर मी म्हणाले, सोमवारी निघू. तू म्हणालास, कुठे?

"कुठे म्हणजे? मुंबईला."

"मी नाही जात."

मला वाटलं, चेष्टा करतोयस. मग तू अगदी पुस्तकातला नियम सांगावा तसं सांगायला लागलास. "एकची किंमत कोणाला, शोभे? ज्याच्यापुढे मोठी लढाई पडलीय त्याला. बटवा पुन्हा पुन्हा भरणार असेल तर एक कधीतरी फळाला येतो. मला एकदाच हात घालायचाय. एकोणीस चकत्यांना काही फरक पडत नाही, हे तूच शिकवलंस मला."

"आणि विसावी?"

"असेल ना. पण तेवढ्यासाठी उरलेले दिवस परक्या गावात उलट्या करत काढू? मला माझ्या घरात राहायचंय."

खर्चाचा प्रश्न नव्हता, कारखाना करणार होता. मायला मी धुळ्याला नेणार होते. वहिनीचा भाऊ मुंबईला, राहायची सोय होती. मी एकेक अडचण बाजूला करत होते आणि तू बाहेर बघत होतास. रिक्षावाला आरशातून आपल्याकडे बघत होता.

घरी पोचल्यावर माझ्या ध्यानात आलं, की आपण जागा बदलल्या. जन्मभर तू एकचा वकील, मी विरुद्ध बाजूला. आता मी एकसाठी भांडत होते आणि मला स्वतःचा एकही मुद्दा सुचत नव्हता. जे होते ते सगळे तुझे. तेच तुझ्यावर चालवले. विसावी वेळ. एका मार्काने नापास झालेली मुलगी. उंचवटा, ऊन, शेजारचं माणूस. तू ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, चांगलं बोलतेस, आधी का नाही बोललीस?

मग शनिवार सुरू झाले. शाळा अर्धी सुटली की मी जळगावची बस धरायची. पारोळा, एरंडोल, दोन्ही बाजूंनी वखरून टाकलेली काळी रानं, आणि माझ्या डोक्यात आज काय मुद्दा काढायचा ते. तू खिडकीजवळच्या पलंगावर. दर शनिवारी थोडा अजून खंगलेला. मी पाणी प्यायच्या आधी विचारायचे, "मुंबई?" तू म्हणायचास, "पुढच्या शनिवारी बोलू." मी वहिनीकडे वळायचे, तर ती म्हणायची, "ताई, मी ह्यांना काही सांगणार नाही. सांगणारी तुम्ही एक आहात तेवढं पुरे." तिचा तो समजूतदारपणा मला त्या दिवसांत अजिबात सहन व्हायचा नाही. आज वाटतं, आपल्या घरात निदान एक माणूस तुझ्याशी भांडत नव्हतं, हे बरंच झालं.

खेळ मात्र तू बंद होऊ दिला नाहीस. रविवारी प्रल्हाद यायचा, बटवा निघायचा. तुझा आवाज बसत चालला होता. राक्षस पुटपुटल्यासारखे बोलायचे. वहिनी चमच्याने पाणी द्यायची, मग पुढचा राक्षस. एका रविवारी तू दमून उशीला टेकलास आणि म्हणालास, "शोभे, आज तू सांग गोष्ट. माझ्या जागी बस."

मी कधी त्या जागी बसले नव्हते. आम्ही तिघं इकडे बसायचो, पुस्तक उभं धरून त्याच्या आड तू. राक्षसाचं चिलखत किती, कोणता आकडा लागणार, हे तुलाच ठाऊक. चकती निघाली की तू म्हणायचास 'लागला' किंवा 'हुकला'. आम्हाला तेवढंच कळायचं. त्या दिवशी मी पुस्तकाआड बसले. लढाई सुरू झाली. राक्षसाने वहिनीवर कुऱ्हाड उचलली. प्रल्हादने आशीर्वाद दिलेला होता, वहिनी उंचवट्यावर उभी होती, ते सगळे एक तिच्या बचावात धरून मी राक्षसाची चकती काढली. बघितलं तर एकने कमी. एक जास्त असता तर वहिनी मेली होती.

मी म्हणाले, "हुकला." वहिनी म्हणाली, "बरं झालं. आता माझी पाळी ना?" आणि बटव्यात हात घातला. तिला काहीच माहीत नव्हतं. किती थोडक्यात वाचली, हे फक्त मला दिसत होतं. पुढे पुन्हा तसंच. प्रल्हाद वाचला, एकने. वहिनीचा वार लागला, एकने. आणि मग मला कळलं, भाऊ, की इतकी वर्षं त्या पुस्तकाआड बसून तू हे बघत होतास. आम्ही फुशारक्या मारत चाललोय, काठ्या काय, विजा काय, आणि आमच्यातलं कोण कितीदा एका आकड्याने जिवंत राहिलं ते एकट्या तुला दिसत होतं. त्यात मी सगळ्यांत जास्त वेळा वाचले असणार. लाथ मारून दारं उघडणारी मीच. तू एकदाही बोलून दाखवलं नाहीस. चिंगूस म्हणायचे तुला, आणि तू जपून जपून आम्हाला एकेक देत होतास.

मी मान वर केली. तू माझ्याकडेच बघत होतास.

"दिसलं ना?" तू विचारलंस.

"दिसलं," मी म्हणाले. "आणि म्हणूनच सांगते. मुंबईला चल."

प्रल्हादने चहाचा कप हळूच खाली ठेवला. वहिनीचा हात बटव्यातच राहिला. 'पुढच्या शनिवारी बोलू' असं तू म्हणशील म्हणून मी वाट बघत होते. तू डोळे मिटून पडून राहिलास. मला वाटलं, दमलास. मी पुस्तक मिटलं, संध्याकाळच्या बसने धुळ्याला आले आणि भाजी निवडता निवडता पुढच्या खेपेचे मुद्दे जुळवायला लागले.

गुरुवारी मी सातवीच्या वर्गावर होते. शिपाई म्हणाला, बाई, फोन आहे. मोठ्या बाईंच्या खोलीत जाईपर्यंत मला कळलं होतं, आणि तरी रिसीव्हर कानाला लावून मी म्हणाले, "भाऊ?" प्रल्हाद होता.

तुझ्या मागचं सगळं झालं. माय रडत नाही, खिडकीशी बसून राहते. कोणी जवळ गेलं की म्हणते, "मना पोऱ्या झोपेल शे, वरडू नका." नातेवाईक आले, गेले. डॉक्टर येऊन गेले. मी त्यांना विचारलंच, आधी नेलं असतं तर? ते म्हणाले, ते कोणी सांगू शकत नाही. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं बरोबर आहे हेही कळत होतं.

आज सकाळी मी निघाले. वहिनी मला सोडायला फाटकापर्यंत आली. तिथे थांबली, हात कडीवर ठेवून. म्हणाली, "ताई, एक सांगायचं राहिलंय. सांगू का नको, इतके दिवस समजत नव्हतं." मी म्हणाले, सांग.

"बुधवारी मी ह्यांचे पाय चोळत होते. आपणहून म्हणाले, शनिवारी शोभा आली की मुंबईचं नक्की करू. जाऊन तर बघू."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. आधी वाटलं, माझी कटकट बंद व्हावी म्हणून म्हणाला असेल. तू लहानपणापासून असाच. मी हट्टाला पेटले की कधीतरी कंटाळून म्हणायचास, बरं बाई, तुझंच खरं. आणि तसं म्हणताना ओठांच्या कोपऱ्यात बारीक हसायचास. तेवढं हसू दिसलं की मला कळायचं, हा मला नुसतं जिंकू देतोय. वहिनीलाही ते हसू ठाऊक, तिलाही तू तसाच जिंकू द्यायचास. मी तिला विचारलं, "म्हणताना हसला का गं?"

वहिनी म्हणाली, "नाही ताई. माझा हात घट्ट धरला होता."

म्हणजे तुला जगायचं होतं, भाऊ. घरात राहायचंय, घरात राहायचंय म्हणून तू मला दर शनिवारी परत पाठवलंस, आणि आत कुठेतरी तुला ती विसावी चकती हवीच होती. बुधवारी तू तिच्यासाठी हात पुढे केलास. मी धुळ्यात होते. तिथून सगळ्यांत जवळचा दिवस म्हणजे शनिवार, असं आपण दोघांनी ठरवून टाकलेलं. बुधवारी एक फोन केला असतास, तर मी तशीच आले असते, वर्ग सोडून, पायात चपला न घालता आले असते.

बसमध्ये एरंडोल येईपर्यंत मी तोंडात पदर कोंबून बसले होते. मग नाही आवरलं. शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर गाठोडं. तिने गाठोडं बाजूला सरकवलं. मग पाठीवर हात ठेवून म्हणाली, "कोन गयं वो माय?"

मी म्हणाले, भाऊ.

"मोठा का धाकला?"

"मोठा," मी म्हणाले. आणि त्याला जायचं नव्हतं, हेही तिला सांगितलं.